ड्युटीवरची कंबर

माझ्या नवऱ्याची कंबर सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, अगदी ठणठणीत असते. उरलेल्या वेळात त्याला पायमोजे चढवायलाही माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी. स्टाफरूममध्ये मी असं सांगितलं की बायका हसायच्या. एकजण म्हणाली होती, "आमच्याकडं उलटं आहे, ऑफिसला निघायचं म्हटलं की ह्यांची कंबर धरते." मीही हसले होते. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मी सांगलीतल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अभिनंदन एका विमा कंपनीत आहे. दावे तपासायचं काम तिथे केव्हाच यंत्राकडे गेलंय. पण मध्यंतरी कायदा झाला, की दावा नामंजूर झाल्याचं ग्राहकाला माणसानेच, माणसाच्या आवाजात सांगायला हवं. झालं! आता यंत्र ठरवतं आणि अभि सांगतो. दिवसभर खुर्चीत बसून, कानात शेंगदाण्याएवढा फोन घालून, अनोळखी लोकांना 'नाही' म्हणायचं, तेही गोड आवाजात आणि त्यांच्या शिव्या खाऊन. अशा माणसाची कंबर धरली नसती तरच नवल.

माणूस बसला की त्याला वाटतं, आपण विश्रांती घेतोय. कंबरेला तसं वाटत नाही. मणक्यांच्या मधे ज्या मऊ चकत्या असतात, त्यांच्यावर उभं राहण्यापेक्षा पोक काढून बसताना जास्त भार येतो. शिवाय या चकत्यांना रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. स्पंज दाबावा नि सोडावा, तसं शरीराच्या हालचालीतून त्यांना पाणी आणि पोषण मिळतं. म्हणून धडधाकट माणूस खुर्चीत कधी स्वस्थ बसत नाही. तो कूस बदलतो, पाय लांब करतो, चहाचं निमित्त काढून उठतो. त्याला उठवते ती वेदना, अजून नीट जाणवण्याइतकीही मोठी न झालेली. हे मी वर्गात पोरांना शिकवते, आणि घरात नवरा ताठ खांबासारखा बसलेला बघते.

अभिने सगळं करून पाहिलं होतं. महागडी खुर्ची आणली, पाठीमागे उशी ठेवली, व्यायाम शिकून आला आणि सगळे करतात तसा आठवडाभर केलाही. फोन दर अर्ध्या तासाने 'उठा, चाला' म्हणायचा, हा त्याला झोपेतल्यासारखा गप्प करायचा. खरा गुण यायचा तो एकाच उपायाने, आण्णांच्या हातांनी.

आण्णा म्हणजे माझे सासरे, भूपाल चौगुले. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. म्हातारपणी अंगावरचं मांस उतरलं, पण हाडपेर तेवढंच राहिलं. दर रविवारी परसात चटई पडायची, ओवा घालून तापवलेलं तेल यायचं आणि अभि पालथा झोपायचा. आण्णा अंगठ्याने कंबर चाचपत जायचे. मधेच अभि "आई गं!" करून ओरडायचा.

"हां, इथं हाय बघ," आण्णा म्हणायचे. "वरड, आणि वरड. तू वरडल्याबिगर मला कळणार कसं, कुठं दाबायचं ते?"

एरवी बापलेक एकमेकांशी फार बोलत नसत. तेलाच्या त्या तासात मात्र कुस्त्या, नदीचं पाणी, गल्लीतली भांडणं, माझ्या आमटीतलं मीठ, सगळे विषय व्हायचे. मी आत बसून पेपर तपासायचे आणि मला ते ऐकू यायचं. आमच्या घरातला तो सगळ्यात चांगला आवाज होता, हे मला फार उशिरा कळलं.

मग कंपनीने 'सुखासन' आणलं.

सुखासन म्हणजे तळहाताएवढा रुंद, कातडीला चिकटून बसणारा पट्टा. कंबरेकडून निघालेली वेदनेची वार्ता मेंदूकडे जाते ती मज्जारज्जूच्या तोंडाशी असलेल्या छोट्या गाठींतून. त्या एखाद्या जकातनाक्यासारख्या असतात. पट्टा या गाठींवर श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या आवाजाचा, बारीक झोत सोडतो आणि नाकं बंद करतो. पाय हलवणाऱ्या नसांना तो हात लावत नाही. त्यामुळे माणूस चालतो, वाकतो, वजन उचलतो, फक्त त्याला दुखत नाही. औषध नाही, सुई नाही, गुंगी नाही. मी माहिती तीनदा वाचली आणि खोट सापडली नाही म्हणून मनापासून आनंदले. विज्ञानाच्या बाईंनाच आनंद झाल्यावर घरात शंका कोण काढणार?

पहिला महिना पट्टा चोवीस तास चालू होता. सवय व्हावी म्हणून, कंपनीची भेट. त्या महिन्यात अभि जिना पळत चढला. आम्ही दोघं नदीवर फिरायला गेलो. पहिल्या रविवारी आण्णांनी सवयीने चटई टाकली. अभिही सवयीने झोपला. आण्णांनी अंगठा फिरवला, दाबला, आणखी दाबला.

"इथं?"

"नाही, आण्णा."

"मग इथं?"

"कुठेच नाही दुखत. मजा वाटतेय नुसती."

आण्णांनी हात पुसले. "मजा वाटायला मी काय गुदगुल्या करायलोय व्हय?" म्हणाले आणि तेलाची वाटी उचलून आत गेले. अभि हसला. मीसुद्धा.

महिना संपला आणि पट्टा ड्युटीपुरता झाला. कंपनी हे आवाजाचे तास दुसऱ्या एका कंपनीकडून विकत घेते, ते कर्मचाऱ्याला घरी झोपा काढायला का द्यावेत? दहाला अभिने हजेरी लावली की पट्टा चालू, सहाला निरोप घेतला की बंद. मधेही त्याने तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलला नाही किंवा चालू फोन मधेच सोडला तर यंत्र त्याला गैरहजर धरतं आणि पट्टा निजतो. यात कुठेही लबाडी नव्हती. सगळं आधी सांगितलेलं होतं आणि अभिने त्याला होकार दिला होता.

एक गोष्ट मात्र कुणी ठळक करून सांगितली नव्हती. दिवसभर दाबून धरलेली नस सुटली की गप्प बसत नाही, ती दुपटीने ओरडते. त्यात वेदनाच नाही म्हटल्यावर अभि खुर्चीत हलेनासा झाला. चहालाही उठेना. आण्णा म्हणायचे, "बस्तीतल्या मूर्तीगत बसतोय, पर मूर्ती निदान गप तरी बसती." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. चकत्या आत पिळून निघत होत्या आणि ती बातमी नाक्यावर अडून होती. सहा वाजता ती सगळी एकदम आत शिरायची. दार उघडताना अभिचा चेहरा असा असायचा की मी काही विचारायचं सोडून दिलं. रविवारी आण्णा तेल घेऊन आले की तो म्हणायचा, "आण्णा, नको, हात लावू नका." हात लावण्यापलीकडे गेलं होतं ते.

मग तो रविवारीही हजेरी लावू लागला. कोणाला आराम नको असतो? लोक ऑफिसातून घरी पळतात, माझा नवरा घरातून ऑफिसात पळू लागला. एकदा तो जेवणाचा डबा विसरला म्हणून मी द्यायला गेले. काचेपलीकडून तो हसताना दिसला. फोनवर कुणाला तरी नाही म्हणत होता आणि किती प्रसन्न दिसत होता! असं हसू मी घरात विसरलेच होते. डबा दारावरच्या माणसाकडे दिला आणि परत आले. मत्सर वाटला मला, एका खुर्चीचा.

दिवाळीनंतर आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं. डावा हात आणि जीभ मात्र शाबूत राहिली, आणि जीभ तर जरा जास्तच. माणूस ठेवला, तो त्यांनी दोन दिवसांत पळवून लावला. दुसरा आला, तोही गेला. "माझा लेक जित्ता असताना मला परक्याचा हात कशाला?" मी उचलायला लागले तर म्हणायचे, "पोरी, तू सून हायस, हमाल न्हवं." रुग्ण उचलायचं यंत्र भाड्याने मिळतं, ते आणू म्हटलं तर अभिच म्हणाला, "कशाला? मी आहे ना. दहा ते सहा मी आहे."

त्याने घरून काम मागून घेतलं आणि मिळालंही. खुर्ची नसली तरी चालत होतं, फोन उचलला की झालं. मी शाळेतून यायचे तेव्हा आण्णा स्वच्छ, पावडर लावून बसलेले असायचे. एवढा जड देह अभि एकटा पलंगावरून उचलायचा, न्हाणीत न्यायचा, परत आणायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, श्रावणबाळ गं! मी मनात म्हणायचे, कंपनीचा श्रावणबाळ. पण खरं सांगते, मला तेव्हा त्याचा अभिमानही वाटायचा.

आण्णांना एकाच गोष्टीचा राग होता. एकदा माझी अर्धी सुटी होती तेव्हा मी तो प्रकार ऐकला. न्हाणीत पाण्याचा आवाज, आणि अभिचा कंपनीतला आवाज. "हो मॅडम, मी समजू शकतो. पण आपला दावा नामंजूर झाला आहे."

"कोण बाई हाय ती?" आण्णा.

"ग्राहक आहे, आण्णा. जरा हात वर करा. नाही मॅडम, तुम्हाला नाही म्हणालो."

"तिला म्हण, मी नागडा बसलोय. धोतर नेसल्यावर फोन कर म्हणावं."

"आण्णा, प्लीज!"

"प्लीज काय? बापाला अंघोळ घालायलाईस का बाजार करायलाईस? एक तर तिच्याशी बोल, न्हाई तर माझ्याशी."

अभि त्यांच्याशी बोलला नाही. त्याला बोलताच येत नव्हतं. हातात बाप असताना फोन सोडला असता तर कंबर सुटली असती. हे तो आण्णांना कधी नीट सांगू शकला नाही. लेकाच्या कंबरेचा मालक दुसराच कुणीतरी आहे, हे सांगणार कसं? मी सांगायला हवं होतं म्हणाल, तर मी सांगितलंही होतं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येडी हायस. दुखणं काय नळाचं पाणी हाय, वेळेवर यायला?"

आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. आण्णांनी ती हयातभर पाळली. मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. झटक्यानंतर त्यांचा हट्ट एवढाच, की पलंगावर जेवणार नाही. मागच्या सोप्यात, म्हणजे परसाकडच्या उघड्या ओसरीवर, आणून बसवायचं, तिथून त्यांना मावळतीचा सूर्य दिसायचा. शेवटचा घास आणि शेवटचा पेलाभर पाणी ते अगदी टेकायला आलेल्या सूर्याकडे बघत घ्यायचे, कारण पुढे सकाळपर्यंत काही नाही.

थंडीत काही अडलं नाही. सूर्य सहाच्या सुमारास जायचा, अभि ड्युटीवर असायचा. होळी झाली, दिवस वाढला. आता सूर्य सहानंतरही बराच वेळ रेंगाळायचा, आणि अभि सहाला मोडून पडायचा. आण्णांना लवकर जेवा म्हणावं तर उन्हाळा, रात्रभर घसा कोरडा पडतो म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मग अभिने ज्यादा ड्युटी मागितली. कंपनीने हसत दिली. सूर्य जितका उशिरा बुडेल तितका जास्त वेळ माझा नवरा लोकांना नाही म्हणायचा. आमच्या धर्माचरणाचा असा फायदा विमा कंपनीला होईल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्या संध्याकाळी मी सोप्यात ताट मांडत होते. आमटी, भाकरी, दही. अभि आण्णांना उचलून आणत होता. उंबऱ्यापाशी त्याच्या कानात घंटी वाजली असणार, कारण तो एकदम कंपनीच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार, मी अभिनंदन बोलतोय."

आण्णांचा डावा हात लेकाच्या गळ्यात होता. त्यांनी तो वर नेला, कानातला फोन चिमटीत धरून उपसला आणि परसात फेकून दिला.

"आता माझ्याशी बोल," ते म्हणाले. "सूर्य चाललाय बघ. सांग, दिवसभर काय केलंस?"

अभिचा चेहरा मला समोरून दिसत होता. आधी तो नुसता गोंधळला. मग, शपथेवर सांगते, हसला. घरातलं ते जुनं हसू. म्हणाला, "काही नाही, आण्णा. बसलो होतो." आणि तेवढ्यात पट्टा निजला.

मी दहीवाटी टाकून धावले, पण माझा हात पोचायच्या आत दोघंही खाली होते. आण्णा फरशीवर कुशीवर पडले. अभि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गुडघे पोटाशी घेऊन. त्याला तेवढंही सरकता येईना. तो ओरडत होता. इतके महिने न ओरडलेलं सगळं त्या एका ओरडण्यात होतं. आणि आण्णा, खुब्याचं हाड मोडलेले आण्णा, त्याच्याकडे बघत विचारत होते, "कुठं लागलं रं? कुठं?"

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अभिच्या मणक्यांचं चित्र बघितलं आणि चष्मा काढला. चकती बाहेर येऊन नसेवर चढलेली होती. "हे आजचं नाही," ते म्हणाले. "कधीपासून दुखतंय?"

"ड्युटीवर नसलो की," अभि म्हणाला. डॉक्टरांना तो विनोद वाटला.

मी कंपनीला फोन लावला. फोनवर माणूस आला, कारण नाही म्हणायचं होतं. गोड आवाजाची मुलगी होती, माझी विद्यार्थिनी शोभेल एवढी. म्हणाली, "वाईट वाटलं ऐकून, मॅडम. पण पट्ट्याने नीट काम केलंय. सर त्या वेळी ड्युटीवर नव्हते." मी तिला खूप बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्याही कंबरेला पट्टा असेल, हे फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं.

आण्णा दवाखान्यात थोडेच दिवस होते. अभि त्यांच्या उशाशी बसून असायचा, आणि बसता यावं म्हणून ड्युटीवर असायचा. नवा फोन कानात घालून हळू आवाजात नाही, नाही म्हणत राहायचा. शेवटच्या दिवसांत आण्णांनी त्या फोनबद्दल एक शब्द काढला नाही. एका दुपारी त्यांनी डावा हात लेकाच्या पाठीमागे नेला आणि सदऱ्यावरून कंबर चाचपली.

"इथं?"

"नाही, आण्णा."

अंगठा जरा सरकला. आता त्या अंगठ्यात जोर नव्हता. "इथं?"

अभि माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून वाहत होते. "नाही, आण्णा," तो म्हणाला. "कुठेच नाही."

आण्णांनी हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

घरातलं माणूस गेलं की कंपनी दुःखाची रजा देते. दवाखान्यात नोंद झाली तशी रजा आपोआप मंजूर होऊन आली, सोबत दोन ओळींची सहानुभूतीही होती. रजा म्हणजे पट्टा बंद. अभिने ती नाकारली. मी पाहिलं आणि मला संताप आला.

"तू खांदा दिला नाहीस तर कुणी काही म्हणणार नाही," मी म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे तुझं. पुढे अग्नी तर तूच देणार आहेस. काढ तो पट्टा. आजच्या दिवस तरी दुखू दे तुला!"

"दुखलं तर उचलता येणार नाही, त्रिशला."

"नको उचलूस!"

"मी खाली टाकलं त्यांना," तो म्हणाला. "मी उचलणार नाही तर कोण उचलणार?"

मी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. कानातला फोन त्याने स्वतःच घातला.

आमच्याकडे आता बायकाही स्मशानापर्यंत जातात. मी तिरडीच्या डाव्या अंगाने, अभिच्या शेजारून चालत होते. मागून लोक णमोकार म्हणत होते, "णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं." गल्ली संपून नदीचा उतार लागला. पलीकडचा चुलतभाऊ धापा टाकू लागला, मागच्या दोघांनी खांदा बदलला. आण्णांचा देह हलका नव्हताच. अभि मात्र ताठ चालत होता. चौघांत त्याची एकट्याचीच पाठ सरळ होती.

उतारावर त्याचे ओठ हलले. मला वाटलं, णमोकार म्हणतोय. मी कान दिला.

"नमस्कार, मी अभिनंदन बोलतोय... हो आजी, तुमच्या दाव्याबद्दलच. तो नामंजूर झाला आहे... हो, मी समजू शकतो."

मागून आवाज चढला, "णमो आयरियाणं." तो जरा थांबला. तो आवाज ऐकून फोनवरची म्हातारी काहीतरी विचारत असावी. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, वर तिरडीकडेही बघितलं नाही, पाऊलही चुकवलं नाही.

"नाही आजी," तो गोड आवाजात म्हणाला. "इथे कुणी गेलेलं नाही. तुम्ही बोला, मी ऐकतोय."